गालाचं टिशू कल्चर

पुतणी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत गालाच्या आतलं अस्तर वाढवते, ही बातमी जळगावात मीच आणली. वाढवूनच आणली. ती म्हणाली होती, बशीत पेशींचा पातळ पडदा वाढतो. मेहरूणच्या टपरीवर पोचेपर्यंत त्याचा अख्खा गाल झाला आणि दुसऱ्या चहाला त्याला दाढीही फुटली.

तिचा बाप, म्हणजे माझा थोरला भाऊ, शिरपूरकडे केळी लावतो. आमच्याकडे टिशू कल्चर म्हटलं की केळीचं रोप: लॅबमध्ये तयार होतं, रोगाशिवाय येतं. माझी थाप तिथवर पोचली, त्याच सुमारास भाऊच्या गालातला चट्टा कॅन्सर निघाला. धुळ्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. भाऊ म्हणाला, "केळीनं रोप लॅबमा व्हस, मंग गाल कसा नही व्हई? पोर नवा गाल तयार करी राह्यनी. तो येऊ दे, मंग जुना काढू."

ती तारीख गेली. पुढचीही गेली.

मी शपथ घेऊन सांगितलं, भाऊ, थाप होती. जन्मात एकदा खरं बोललो, तर भाऊ हसला. तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं. "आते तू खोटं बोली राह्यना. पोरनी सांगेल व्हई, कोणले सांगू नको."

शेवटी पुतणी रजा टाकून आली. ओट्यावर लॅपटॉप उघडला. फरशा बसवाव्यात तशा एकमेकींना चिकटलेल्या पेशी. सूक्ष्मदर्शकावरचा कॅमेरा दर दहा मिनिटांनी फोटो काढतो, म्हणाली. आठवडाभराचा खेळ दोन मिनिटांत दिसतो. एका पेशीत तिने मुद्दाम बिघाड केला होता. ती हिरवी चमकत होती.

"पुष्कळदा शेजारणीच तिला ढकलून बाहेर काढतात. कधी काढत नाहीत. का नाही, तेच शोधतोय."

हिरवीच्या दोन झाल्या. चार झाल्या. "ढकला गं तिला!" मी ओरडलो. बोलून बोलून तहसीलदाराला खुर्चीवरून उठवलेला माणूस मी, आणि टाचणीच्या टोकावर मावणारी ती बया ऐकेना.

भाऊने लेकीला विचारलं, "हाई व्हई राह्यनथं, तवय तू काय करी राह्यनथी?"

"बघत होते, आबा."

"थांबाडं का नही?"

"ही सुरुवात कशी होते, तेवढंच बघतोय अजून. नवा गाल नाही होत यातून. तुमचा कापूनच काढावा लागेल. लवकर."

भाऊ पडद्याकडे पाहत राहिला. तिथे आता मोजता येऊ नयेत इतक्या झाल्या होत्या. मग तो उठला, चपला घातल्या. "पाहू."

"पाहू म्हणजे? आबा, सोमवारची तारीख आहे!"

"पाहू म्हन्तं ना." तो केळीकडे चालू लागला.

ती माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही बोला ना. तुमचं ऐकतात ते."

मी तोंड उघडलं. थाप एकही सुचेना, आणि खरं होतं ते आधीच सांगून झालं होतं.