सासूचं वळण

माझे वडील खडीच्या खाणीकडे जाणाऱ्या सायडिंगवर गँगमन होते. लोणावळ्याहून वलवणच्या अंगाने जाणारी ती एकेरी लाईन. खडीचे डबे ओढणारं इंजिन इतकं सावकाश जायचं की आम्ही पोरं त्याच्याबरोबर चालायचो. एका वळणावर मात्र चाकं रुळाला अशी घासत, की वस्तीत शेजारणीचं बोलणं ऐकू येत नसे. गँगमन तिथे रुळाच्या कडेला वंगण फासत. दोन फेऱ्या बरं चाले, मग परत कुरकुर. "कितीबी त्याल घाला, ही गप ऱ्हायची न्हाई," असं म्हणत त्या मंडळींनी जागेला नाव दिलं, सासूचं वळण. पुढे सगळी वस्ती तेच म्हणायला लागली.

खाण बंद पडली, रूळ उचलले, घाणेरी माजली. अलीकडे गावातल्या हौशी लोकांनी समिती करून झाडोरा काढला, मुरूम टाकला आणि फिरायची वाट केली. वाट जिथे संपते तिथेच माझं चिक्कीचं दुकान आहे. डोक्यावर टोपली घेऊन चिक्की विकत विकत मी ते उभं केलं, त्यामुळे दारात आयतं आलेलं गिऱ्हाईक मला गोड लागतं. तरी पहिल्यांदा गेले ती नुसती फिरायला. ओढ्यावरचा दगडी पूल तसाच होता. करवंदाच्या जाळ्या तशाच. लहानपणी जिथून मुकादम हाकलायचा, तिथून मी नवे बूट घालून ऐटीत चालले होते.

वळणावर पोचले आणि डोकं फिरलं. तिथे पाटी होती, 'व्हिस्परिंग कर्व्ह'.

समितीचे अध्यक्ष पुण्याहून येऊन इथे बंगला बांधलेले निवृत्त साहेब. सरळ त्यांच्याकडे गेले.

"साहेब, ते वळण कुजबुजायचं असं तुम्हाला कुणी सांगितलं? ते बोंबलायचं. त्याला नाव आहे."

नाव ऐकून ते हसले. "ताई, कुणाच्या तरी भावना दुखावतील."

"कुणाच्या?"

मी तयारीने गेले होते. वाटेवरून दमून आलेले लोक माझ्या दुकानामागच्या नळावर पाणी प्यायचे, तिथलाच संडास वापरायचे. नळ माझा होता. एक गोष्ट हवी असेल तर तीन मागायच्या, ही माझी जुनी पद्धत. मी पाटी मागितली, बाक मागितलं, आणि अख्ख्या वाटेला गँगमन लोकांचं नाव मागितलं. साहेब घाबरले. मग मी मोठ्या मनाने वाट सोडली, बाक सोडलं आणि पाटी घेऊन आले. खाली बारीक अक्षरात 'व्हिस्परिंग कर्व्ह' राहील, एवढं मात्र त्यांनी सोडलं नाही. ते मला अजून खुपतं.

पाटी लागली त्या पौर्णिमेला विहारातून परतताना सासूबाईंना मुद्दाम तिकडून घेऊन आले. म्हटलं, वडिलांची आठवण दाखवू. त्या पाटीसमोर थांबल्या. अक्षर अक्षर लावत वाचलं.

"हे माज्यावर लिवलंय?"

"नाही हो आत्याबाई. जुनं नाव आहे. आबांच्या वेळचं."

"तुज्या बापानं ठिवलं?"

"सगळ्या गँगनं ठेवलं."

"का म्हून?"

खोटं सुचलं नाही. वंगणाची सगळी गोष्ट सांगितली. आता घरी काय ऐकावं लागणार, याचा मी अंदाज बांधत होते. त्यांनी मात्र इकडे तिकडे पाहिलं आणि विचारलं, "बाक कुटंय?"

"बाक नाही इथे."

"सासूचं वळण म्हन्तीस आनि सासूनं हुबं ऱ्हायाचं व्हय? आन जा बाक."

तेवढ्यात साहेब काठी टेकत समोरून आले. रोजची त्यांची वेळ. मी बाकाचा विषय काढला. सोडून दिलेली वस्तू परत मागायला आलेलं गिऱ्हाईक कसं दिसतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. साहेबांनाही दिसलं.

"बाक देऊ की," ते म्हणाले. "नळ कायम चालू ठेवा. आणि रविवारी वाट झाडायला येणाऱ्या सगळ्यांना चहा."

सगळ्यांना! मी पदर खोचला. कमीत कमी चहा तरी एक रविवार आड करून घेतला असता. पण मागून आवाज आला.

"दे म्हनाव. माजं गुडगं दुखत्यात."

साहेबांनी सासूबाईंना नमस्कार केला. मी हो म्हणाले. मागितला तो भाव मी जन्मात एवढाच एकदा दिला, आणि तो राग साहेबांवर अजून आहे.

बाक आलं. सासूबाई रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसतात. मुंबईची पोरं पाटीसमोर फोटो काढायला लागली, की त्यांना बाजूला सरकवतात आणि स्वतः मधे बसतात. "माज्याबिगर काय फोटू काडता," म्हणतात, "वळण माजं हाय."