चर्चच्या फाटकाशी चौकशीबाई

चहाचं पाणी उकळेपर्यंत समोरच्या माणसाचा धर्म हुडकून काढायचा, आणि तोही धर्माबद्दल अवाक्षर न विचारता, ही विद्या चौकशीबाईंना अवगत होती. डब्लिनच्या क्लोनडॉकिन उपनगरातल्या त्यांच्या घरात वरची खोली मी शिकत असताना भाड्याने घेतली होती. चौकशीबाई हे नाव मी मनातल्या मनात ठेवलेलं. मोठ्याने मी तिथे फारसं काही बोलतच नसे.

नळ दुरुस्त करायला कुणी आला की बाई कौतुकाने विचारत, "नाव काय रे तुझं? शाळा कुठली? खेळायचास काय? हॉकी? असं होय! ग्रँड, ग्रँड." तो गेला की माझ्याकडे वळून म्हणत, "प्रोटेस्टंट. पण काम स्वच्छ आहे हो." टोस्टर ओट्यावरच राहत असेल तर घर कॅथलिक; वापरून झाल्यावर प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, जात असेल तर प्रोटेस्टंट. बाईंच्या लेखी हे शास्त्र होतं.

माझीही परीक्षा झाली. खोलीतल्या फळीवरचा गणपती, उदबत्ती आणि माझी चतुर्थी त्यांनी पाहून ठेवली होती. "शाळा कुठली?" त्यांनी विचारलं. कॉन्व्हेंट, मी म्हणाले. बाईंचा चेहरा उजळला. "मूर्ती आहे, धूप आहे, उपवास आहे, शाळा नन्सची, आणि आईचा फोन आला की उभी राहून बोलतेस. तू आमच्यातलीच!" मला यात काही नवीन नव्हतं. माझी आईसुद्धा माझ्या प्रत्येक मैत्रिणीचं आधी आडनाव विचारते, मग मूळ गाव, मग घरी काय खातात ते, आणि शेवटी, "आम्ही काही मानत नाही हं, सहज विचारलं." या दोघींना एका टेबलापाशी बसवलं असतं, तर चहा निवायच्या आत जगाची वाटणी झाली असती.

एकदा धीर करून मी विचारलं, "पण तुमचं भांडण नेमकं धर्माचं का?"

"धर्माचं?" बाई दुखावल्या. "देवावरून कोण भांडतंय? त्यांनी आमची जमीन घेतली."

"कधी?"

"चारशे वर्षं झाली," बाई म्हणाल्या, पण स्वर असा की जणू गेल्या मंगळवारी. मग नोकऱ्या त्यांच्या, घरं त्यांची, मतं त्यांची, राणी त्यांची. सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आणि आमची मॉरीनसुद्धा त्यांनीच नेली."

मॉरीन म्हणजे त्यांची धाकटी बहीण. तिने सॅम नावाच्या प्रोटेस्टंटाशी लग्न केलं, तेही त्याच्या चर्चमध्ये. वडिलांनी तिचं नाव टाकलं. बाई लग्नाला गेल्या नाहीत, आणि मुलांचा बाप्तिस्मा त्याच चर्चमध्ये झाल्यावर तर जाणंयेणंच संपलं. उरलं ते नाताळचं कार्ड. ते मात्र बाई वर्षभर आरशाला टेकवून ठेवत.

"सॅमकडे पुष्कळ जमीन आहे का?" मी विचारलं.

"छे गं. सायकली दुरुस्त करतो."

"मग?"

"मुद्दा तो नाही," बाई म्हणाल्या.

मार्चमध्ये मॉरीनचा फोन आला. सॅम गेला होता. ती एवढंच म्हणाली, "तू येशील ना गं?" फोन ठेवल्यावर बाई बराच वेळ ओटा पुसत राहिल्या, ओटा स्वच्छच होता. सगळं आयुष्य त्यांनी एक नियम पाळला होता: प्रोटेस्टंटाच्या अंत्यविधीला जायचं, पण चर्चच्या फाटकाबाहेर उभं राहायचं. कॅथलिक पाद्रींचा तो जुना नियम, वडिलांनी घरात घालून दिलेला. पाद्रीलोकांनी तो कधीच रद्द केला होता. बाईंना तसं कळवलंही होतं. "पाद्री बदलतात," बाई म्हणाल्या. "बाबा बदलले नाहीत." पण मॉरीन आत आणि आपण बाहेर, हे त्यांना आता सोसवत नव्हतं, आणि आत जाणंही जमत नव्हतं. म्हणून त्या मला म्हणाल्या, "तू चल माझ्याबरोबर."

मॉरीनचं गाव, म्हणजे बाईंचंही लहानपणचं, उत्तर आयर्लंडच्या सीमेच्या अलीकडे होतं म्हणून बरं, नाहीतर मला व्हिसा लागला असता. हे बाईंना पटेना. "कसली सीमा? आयर्लंड एकच आहे!" सीमेवर त्यांचा विश्वास नव्हता, माझ्या पासपोर्टचा होता.

फाटकाशी आम्ही दोघी उभ्या राहिलो. पाऊस बारीक होता. गावचा कॅथलिक पाद्रीच आमच्या शेजारून "नमस्कार बायांनो" म्हणत आत निघून गेला. मग शवपेटी आली, आणि तिच्यामागून मॉरीन. ती थांबली.

"आत ये," ती म्हणाली.

"ही मुलगी हिंदू आहे गं," बाई घाईने म्हणाल्या. "तिला चर्चमध्ये चालत नाही. एकटी कशी सोडू? मी इथेच थांबते तिच्या सोबतीला."

मला कशासाठी आणलं होतं ते तेव्हा कळलं. मॉरीनने माझ्याकडे पाहिलं. मी सहसा कुणाला खोटं पाडत नाही.

"मला चालतं," मी म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी राणीचीच हेर निघाले होते. पण त्या आत आल्या. सगळ्यात मागच्या बाकावर, अगदी टोकाला बसल्या, कोट न काढता.

सर्वांनी मिळून म्हणायची ती प्रार्थना सुरू झाली. ती मला शाळेपासून पाठ. फरक इतकाच, की कॅथलिक लोक जिथे थांबून 'आमेन' म्हणतात, तिथे प्रोटेस्टंट थांबत नाहीत. आणखी एक ओळ म्हणतात. बाईंना हे कुठून माहीत असणार? त्या कधी आत आल्याच नव्हत्या. सवयीने त्या खणखणीत आवाजात "आमेन" म्हणाल्या आणि गप्प झाल्या. बाकीचं चर्च पुढे चाललं होतं.

आणि त्याच क्षणी, सगळ्यात पुढच्या बाकावरूनही एक "आमेन" आला होता.

उरलेली ओळ इतरांनी पूर्ण केली. मॉरीन मागे वळून पाहत होती.

बाहेर पायऱ्यांवर बाईंनी तिला गाठलंच. "इतकी वर्षं इथे येतेस, आणि पुढची ओळ पाठ नाही तुला?"

"पाठ आहे गं," मॉरीन म्हणाली. "तोंडातून निघत नाही."

बाईंनी तिच्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं. त्या दिवशी परतीच्या बसने मी एकटीच डब्लिनला आले.