बाद झालेल्यांचा बाक

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या धाकट्या भावाला, खेळातलं ओ की ठो कळत नाही, आणि चर्चच्या बालमंडळात दर शनिवारी मुलांचे खेळ तेच घेतात. जन्मभर कारखान्याच्या फाटकावर टाइमकीपर म्हणून नोकरी केली. भोंगा झाला की फाटक बंद. मग बाहेर कोण ताटकळतंय, कोणाचं मूल आजारी आहे, याचं यांना सोयरसुतक नाही. तिकडे मान वळवूनसुद्धा बघायचे नाहीत. बघितलं की दया येते आणि दया आली की शिस्त गेली, हे तत्त्वज्ञान आम्ही जेवणाच्या टेबलावर इतकं ऐकलंय की आता घास त्याच्यासकटच उतरतो.

निवृत्त झाल्यावर ही शिस्त कुठेतरी सांडायला हवी होती. लग्न केलेलं नाही, त्यामुळे ती माझ्या स्वयंपाकघरात सांडायला लागली. डबे उंचीप्रमाणे लावा, चमचे एका दिशेला ठेवा, चहा उकळताना तिथून हलू नका. नुसता उच्छाद मांडला होता. मग पाळकांनी बालमंडळाचं विचारलं आणि निदान शनिवारची दुपार माझी झाली.

तिथे यांनी काय केलं? साधी पकडापकडी असली तरी आधी नियमांचं चऱ्हाट. जो बाद झाला त्याने मागच्या भिंतीजवळच्या लांब बाकावर जाऊन बसायचं, खेळ संपेपर्यंत तोंडातून आवाज नाही. आणि हे स्वतः बाकाकडे पाठ करून उभे. गेलेल्याकडे काय बघायचं, जो खेळात आहे त्याच्याकडे बघायचं, असं म्हणायचे. घरी येऊन शेखी मिरवायचे ती वेगळीच. आमची मुलं हरली तरी हूं की चूं करत नाहीत, हार कशी पचवायची ते मी शिकवलंय म्हणे. आरशासमोर उभे असल्यासारखे बोलायचे.

शेवटी आयांनी तक्रार केली. पोरं पळायला म्हणून पाठवतो आणि ती बाकावर बसून परत येतात. पाळक स्वभावाने गरीब, पण या वेळी घरी येऊन स्पष्टच बोलले. शनिवारी मी स्वतः येऊन बघतो. मुलं नुसतीच बसून राहत असतील तर मंडळ बंद करून हॉल गायकवृंदाला सरावासाठी देऊन टाकतो. भाऊजींचा चेहरा खर्रकन उतरला. ताटावर बसले आणि तसेच उठले.

"वहिनी, शनिवार गेला तर माझ्याकडे काय राहिलं?"

माझे डबे राहिले की, असं मी म्हटलं. पण ते हसले नाहीत, आणि मलाही जरा कसंतरीच झालं. त्या शनिवारी सोबत चला म्हणाले, म्हणून मीही गेले.

हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडलेल्या, मुलांपेक्षा एक कमी. पाळकबाई पियानोवर. वाजायचं थांबलं की खुर्ची पकडायची, उरेल तो बाद. खेळ सुरू झाला आणि मला काही कळेना. एक पोरगा रिकाम्या खुर्चीला वळसा घालून पुढे गेला. दोघी मुली एका खुर्चीपाशी 'तू बस, तू बस' करत अडून राहिल्या. भाऊजी मला म्हणाले, बघा, केवढी सभ्यता!

कसली सभ्यता आणि कसलं काय! मी बाकाकडे बघितलं आणि पदर तोंडात कोंबायची वेळ आली. तिथे धमाल चालली होती. एका टोकाची पोरं दाबून रेटा द्यायची, दुसऱ्या टोकाचा धपकन खाली पडायचा, आणि चवड्यांवर पळत मागून येऊन पहिल्या टोकाला घुसायचा. सगळ्यांचे हात स्वतःच्या तोंडावर, कारण आवाज केलेला चालत नाही ना! पोरं घामाघूम झाली होती. पाळक रुमालाने डोळे पुसत होते. आणि आमचा शिस्तीचा पुतळा बाकाकडे पाठ करून उभा.

शेवटी एक खुर्ची आणि दोघं जण उरले. पियानो थांबला तसा त्यातला मुलगा मुद्दाम जमिनीवर बसला. दुसरी होती चष्मेवाली, सांगितलेलं मुकाट ऐकणारी. ती खुर्चीवर बसली. भाऊजींनी मोठ्या आवाजात जाहीर केलं, पुन्हा हीच जिंकली, आणि बक्षिसाची पेन्सिल पुढे केली. पोरीने मुसमुसायला सुरुवात केली.

"दर वेळी मीच जिंकते," ती म्हणाली. "मला एकदा तरी बाद करा ना."

का म्हणून विचारलं तर तिने त्यांच्या पाठीमागे बोट दाखवलं.

भाऊजी वळले. बाकावर सगळे जिथल्या तिथे थिजले. एक जण अर्धा बाकावर, अर्धा खाली. सगळं त्यांच्या लक्षात आलं. या माणसाचा तोरा एकदा उतरलेला बघायचा, ही माझी कितीतरी दिवसांची इच्छा. उतरला, तेव्हा मात्र मला बघवेना.

त्यांनी पाळकबाईंना पुन्हा वाजवायला सांगितलं. एका खुर्चीभोवती पुढे ती पोरगी आणि मागे हे, टक्कल आणि पोट सांभाळत. पियानो थांबला. आज्ञाधारकपणे ती बसायला वळली, पण त्याआधीच भाऊजींनी स्वतःला खुर्चीत झोकून दिलं.

"बाद," ते म्हणाले.

पोरगी चष्मा हातात धरून सुसाट पळाली. बाकावर तिला मधोमध जागा झाली आणि लगेच रेटारेटी सुरू झाली, या वेळी आरडाओरडा करत. पाळक पुढे आले, म्हणाले, गायकवृंदासाठी दुसरी जागा बघू. पियानो बंद झाला, पाळकबाईही बाकाकडे गेल्या. भाऊजी मात्र हॉलच्या मध्यात खुर्चीवर तसेच बसून होते. मी जवळ जाऊन म्हटलं, उठा आता, वाचलं तुमचं मंडळ.

"वहिनी," बाकावरची नजर न काढता ते म्हणाले, "पोरं माझ्यापासून सुटायला हरत होती."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?