मागे राहिलेलीला कोणी विचारत नाही

नागपूरच्या विमानतळावर ईरा शेवटपर्यंत अनूच्या कडेवर होती. माझी मुलगी, आठ महिन्यांची. मला बॅगा, पासपोर्ट, दुधाची बाटली सांभाळायची होती, म्हणून माझ्या धाकट्या बहिणीने, अनघाने, तिला घेतलं होतं. आत जायची वेळ झाली तेव्हा ईराने अनूची ओढणी मुठीत धरली आणि सोडेचना. एकेक बोट सोडवावं लागलं. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "घराची काळजी करू नकोस. अनू आहे ना." मी मान हलवली. अनू तेव्हा चोवीस वर्षांची होती, नुकतीच आर्किटेक्ट झालेली. ती काय करणार, हे तिला कोणी विचारलं नव्हतं. माझ्या मनातही तो प्रश्न आला नाही.

आता सोळा वर्षं झाली. मी साउथहॅम्प्टनला डॉक्टर आहे, भूल देणारी. माझा नवरा समीर घरूनच काम करतो. ईरा यंदा ए-लेव्हल्सच्या, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या, पहिल्या वर्षाला आहे. इथे आपण सगळे भेटलो की एकच रडगाणं गातो: सण चुकले, लग्नं चुकली, आईच्या हातचं चुकलं. मीही गायलं. आपण काय काय सोडून आलो याचीच यादी माझ्याकडे होती, आणि ती मला तोंडपाठ होती. आपण कोणाला सोडून आलो, तिकडे मी कधी नीट पाहिलं नाही. ते पाहायला मला एका नायजेरियन मुलीची फिल्म लागली.

टेमी ही ईराची जिवलग मैत्रीण. तिची आई फोलाके आमच्याच हॉस्पिटलमध्ये वॉर्ड सिस्टर आहे. ऑपरेशन थिएटरमधून पेशंट तिच्या ताब्यात देताना आमच्या दोन मिनिटं गप्पा व्हायच्या, तेवढीच ओळख. मागच्या उन्हाळ्यात टेमी नायजेरियात, इबादानला, आजीकडे गेली आणि तिथे फोनवर बरंच शूट करून आली. ईराने तिला साउंड आणि एडिटिंगला मदत केली. पुढे आमच्या भागातल्या कम्युनिटी सेंटरमध्ये आफ्रिकन मुलामुलींच्या शॉर्ट फिल्म्सचा एक दिवस ठरला, आणि त्यात टेमीची फिल्म निवडली गेली. ईरा म्हणाली, "आई, प्लीज त्या दिवशी ऑन कॉल नको घेऊ."

शनिवारची दुपार होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे टेबलावर जोलोफ राइसची, त्यांच्याकडच्या लाल मसालेभाताची, मोठी भांडी. पहिल्या दोन फिल्म्स पाहताना मी निवांत होते. एक ब्रिस्टलमधल्या सोमाली मुलीची होती. आईच्या डॉक्टरांकडे दुभाषी म्हणून बसताना वाईट बातमी आपणच आईला कशी सांगायची, हे तिला कळत नाही. दुसरी घानामधल्या तीन पोरांची, ज्यांना फुटबॉलसाठी लंडनला नेतो असं सांगून एक माणूस गायब होतो. वाईट वाटलं, पण ते दुसऱ्याचं वाईट होतं.

मग टेमीची फिल्म लागली. बारा मिनिटांची. तिची मावशी बिसी अंगण झाडते, अंथरुणाला खिळलेल्या आजीचे केस विंचरते. इंग्लंडहून व्हिडिओ कॉल येतो तेव्हा ती आधी फोन फिरवून पाहते, मागचा पलंग दिसत नाही ना, आणि मग हसून तो घेते. "सगळं छान आहे, तू कामाकडे लक्ष दे." कॉल संपल्यावर ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणते, "गेलेल्याला सगळे विचारतात, तिकडे कसं आहे. मागे राहिलेलीला कोणी विचारत नाही. तिचं उत्तर सगळ्यांना माहीतच असतं."

कॅमेऱ्यामागून टेमीचा आवाज येतो, "आँटी, तुम्हाला जायचं होतं का?"

बिसी हसते. म्हणते, "भात लागेल खाली," आणि उठून आत जाते. टेमीने कॅमेरा बंद केला नव्हता. रिकामी खुर्ची तेवढी दिसत राहते. आतून भांड्याचा आवाज येतो. फिल्म तिथेच संपते.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बसलेल्या फोलाकेने वाजवल्या नाहीत. ती हळूच म्हणाली, "माझी सख्खी बहीण. मला कधी बोलली नाही." मला तिचा हात धरायचा होता, पण माझ्या डोळ्यांपुढे अनू होती.

घरी येताना गाडीत ईरा म्हणाली, "आई, मावशीची पण अ‍ॅडमिशन झाला होता ना? ग्लासगोला?"

"तुला कोणी सांगितलं?"

"मावशीनेच. टेमीच्या फिल्मचे प्रश्न मी आधी तिच्यावर ट्राय केले, साउंड चेक करायला. मी विचारली, तुला जायचं होतं का. तर ती म्हणाली, आईला विचार." मग म्हणाली, "सो मी विचारते."

मी म्हटलं, "आजीला पॅरॅलिसिस झाला ना बाळा. मग कशी येणार ती?"

"पण आजी तर नंतर आजारी पडली. मावशी म्हणाली, एक वर्ष नंतर."

मला पुढे गाडी चालवता येईना. एका बसस्टॉपपाशी बाजूला घेतली, जिथे थांबायला मनाई आहे. ईराचं बरोबर होतं. आम्ही इकडे आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी अनूला ग्लासगोला ऑफर आली होती, जुन्या इमारतींच्या जतनाच्या कोर्सची. तेव्हा आईला फक्त बीपीचा त्रास होता. अनूचा फोन आला तेव्हा मी म्हटलं होतं, "दोघी इकडे आलो तर आईबाबांकडे कोण बघणार? मी डॉक्टर म्हणून सांगते, आईचं बीपी काही बरं लक्षण नाही. पुढच्या वर्षी बघ ना." ती "बरं" म्हणाली. तेरा महिन्यांनी आईला झटका आला, आणि पुढची चार वर्षं अनूने तिला उठवलं, बसवलं, भरवलं. आई गेली तेव्हा मी पंधरा दिवसांची रजा टाकून गेले, आणि सोळाव्या दिवशी ड्यूटीवर होते.

एवढ्या वर्षांत मी मनातल्या मनात घटनांचा क्रम बदलून टाकला होता. आधी आजारपण, मग अनूचं थांबणं. तसं लावलं की माझ्याकडे दोष येत नव्हता. खरं असं होतं की घरी कोणीतरी असलं तर मला इथे शांत झोप लागणार होती, म्हणून मी तिला थांबवलं. हे मी ईराला सांगितलं. आपली आई असं कोणाला मागे ठेवणाऱ्यांतली नाही असं तिला वाटत असणार, आणि त्या दिवशी ते गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अनूला फोन केला. सॉरी म्हणायला तोंड उघडलं आणि सरळ रडायलाच लागले. ती माझं रडणं संपेपर्यंत थांबली.

"ताई, ते ऑफर लेटर मी आईबाबांना दाखवलंच नव्हतं," ती म्हणाली. "फक्त तुला सांगितलं होतं. मला वाटलं तू म्हणशील, ये, आधी आमच्याकडे उतर, मग जा. मी तुझी परवानगी मागत नव्हते गं."

"अनू, मला माफ कर."

"करते. पण त्या माफीचं मी करू काय?"

तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यानेच जास्त लागलं. मी विचारलं, "तुला काय हवंय?" हा प्रश्न मी तिला जन्मात पहिल्यांदा विचारत होते.

ती लगेच म्हणाली, म्हणजे उत्तर तयार होतं. "सहा आठवडे. कच्छमध्ये जुन्या मातीच्या घरांच्या दुरुस्तीचं काम आहे, दरवर्षी मला बोलावतात. दरवर्षी नाही म्हणते, बाबांना कोणाकडे ठेवू? तू येऊन राहा. आणि मी तुझा फोन उचलणार नाही."

मी बिनपगारी रजा घेतली. समीर म्हणाला, ईराचं महत्त्वाचं वर्ष आहे. ईरा म्हणाली, "आय विल बी फाइन. जा." फोलाकेला सांगितलं तर ती म्हणाली, "मी अजून बिसीला फोनच केला नाही. काय बोलू, सुचत नाही." मी तिला काय सांगणार? मलाही सुचलं नव्हतं, फक्त रडू आलं होतं.

जानेवारीत नागपूरला पोचले आणि तासाभरात अनू निघाली. पाठीवर एक सॅक. मला मिठी मारली नाही, पण रिक्षात बसल्यावर हात हलवला.

रोज पाच-सहा माणसांना भूल देणारी मी, मला बाबांच्या गोळ्यांच्या तीन डब्यांचा मेळ लागेना. मिक्सरचं झाकण कसं बसतं ते कळेना. बाबांना कानातलं मशीन लावल्याशिवाय 'आंघोळीचं पाणी काढलंय' म्हटलेलं ऐकू येत नाही, आणि मशीन ते आंघोळीआधी लावत नाहीत. हे सगळं अनूने गेली कितीतरी वर्षं न सांगता केलं होतं. तिसऱ्या दिवशी न राहवून मी तिला फोन केला. तिने उचलला नाही. संध्याकाळी एक फोटो आला: ओल्या मातीच्या भिंतीवर तिचा हात, कोपरापर्यंत लडबडलेला. खाली एक अक्षर नाही.

सगळ्यात अवघड होते बाबा. ते माझ्याशी पाहुण्यासारखे वागत होते. मी पोळ्या लाटायला गेले की म्हणायचे, "अगं तू बस, तू कशाला करतेस? प्रवासाने दमली असशील." चौथ्या आठवड्यातही मी प्रवासाने दमलेलीच होते. जेवणात मीठ कमी पडलं तरी "छान झालंय" म्हणायचे. ते माझ्या घरात नव्हते, मीच त्यांच्या घरात होते, आणि सोळा वर्षं मी इंग्लंडमधल्या प्रत्येकाला त्या जागेबद्दल 'माझं घर' असं सांगत आले होते. नुसतं म्हणून काही होत नाही. ज्या घरातलं काही आपल्या अंगावर पडत नाही, ते घर आपलं कसलं?

हे मी तुम्हाला लिहिते आहे, माझ्यासारख्या निघून आलेल्यांना, आणि तुम्हालाही, ज्यांनी आम्हाला सोडायला विमानतळावर येऊन मग परत जाऊन घर सांभाळलं. सहा आठवड्यांनी काही फिटत नाही, हे मला माहीत आहे. अनूची ती वर्षं ग्लासगोला कुठेतरी तशीच राहिली. ती आता पुढच्या वर्षीही कच्छला जाणार आहे आणि मी पुन्हा रजा मागणार आहे, इतकंच ठरलंय.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी मी चहाचा कप बाबांच्या हातात दिला आणि ओट्याकडे वळले. मागून जोरात हाक आली, "अनू! किती आलं घातलंस हे? घसा जळला माझा! दहा वेळा सांगितलंय!"

मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. म्हटलं, "दुसरा करून आणते, बाबा," आणि आधण ठेवलं.