शुक्रवारचा रेडिओ

सबंध भिवंडीत माझ्या मेव्हण्याइतका रेडिओ कोणी ऐकला नसेल, आणि त्याच्याइतकं कमीही कोणाला ऐकू येत नसेल. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ, शेलार गावचा. मिसरूड फुटायच्या आत लूमवर लागला आणि पंचवीस वर्षं एकाच कारखान्यात कापड विणत राहिला. ज्यांनी लूमच्या कारखान्यात कधी पाऊल ठेवलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. चाळीस लूम एकदम चालू असले की तिथे आवाज ऐकू येत नाही, अंगावर पडतो. तिशी उलटेपर्यंत त्याचे कान गेले. पार बंद झाले असं नाही. दणका कळायचा, शब्द कळायचे नाहीत. पाठीमागून नावाने हाका मारा, ढिम्म. शेजारणीने वरवंटा टाकला की मात्र दचकून उठायचा. आणि अशा माणसाला नाद कसला, तर रेडिओवर जुनी गाणी ऐकायचा.

रेडिओ त्याचा, पण ठेवलेला आमच्या घरी, टेमघरला. लाकडी पेटीचा, हिरवा दिवा लागणारा, चालू केल्यावर तापायलाच दोन मिनिटं घेणारा. शुक्रवारी लूम बंद असतात. त्या दिवशी सकाळी हा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून यायचा. मी बनियनवर बसलेलो त्याला खपायचं नाही. "दाजी, आत बाईमाणूस गातंय, वर काहीतरी घाला," असं म्हणायचा. पूर्वी रेडिओला लायसन लागायचं. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे, पुस्तकात तिकीट चिकटवून घ्यायचं. बाकीचे लोक चुकवत होते, हा मात्र पहिल्याच दिवशी लायनीत उभा. पुढे सरकारने लायसन काढून टाकलं तेव्हा लोक खूश झाले आणि ह्याने दोन दिवस तोंड पाडलं. "आता काय, कोणीबी उठंल आन् रेडिओ ठेवील," म्हणाला. तरी पुढच्या वर्षी ते पुस्तक घेऊन पोस्टात गेलाच. पोस्टातल्या बाबूने हाताने खुणा करून सांगितलं, नको, बंद झालं. हा म्हणाला, "बंद झालं ते ठाऊक हाय. पण माझ्याकडून घ्या ना."

आता ऐकू येत नाही तर हा ऐकायचा कसा? एक हात रेडिओच्या पेटीवर ठेवायचा, सबंध पंजा पसरून, वैद्याने नाडी बघावी तसा. तबला, ढोलक, जड वाद्यं त्याला हातातून कळायची. आणि समोर बसायची माझी बायको. ती शब्द सांगायची, पण आवाज न काढता. लग्नाआधी ती त्याच कारखान्यात कांड्या भरायला होती, म्हणजे धोट्यात घालायच्या नळीवर सूत गुंडाळायला. त्या गोंगाटात कोणी ओरडत नाही, ओरडून उपयोगच नसतो. नुसते ओठ हलवायचे आणि समोरच्याने ते वाचायचे. बहीणभाऊ असेच बोलायला शिकलेले. त्यामुळे शुक्रवारी आमच्या घरात रेडिओ गायचा, बायकोचे ओठ हलायचे, मेव्हण्याची मान डोलायची, आणि मी भिंतीकडे तोंड करून झोपायचो. सहा दिवस सुताच्या गठ्ठ्यांचा टेम्पो चालवलेल्या माणसाला गाण्याबिण्याचं काय पडलंय? मला ते सगळं पोरकट वाटायचं. मी तसं बोलूनही दाखवायचो.

एकदा ती पाणी भरायला बाहेर गेली आणि इकडे गाण्यांचा कार्यक्रम संपला. हा डोळे मिटून, पेटीवर हात ठेवून डोलतोय, आणि रेडिओवर चालू आहेत कांद्याबटाट्याचे बाजारभाव. भाव सांगणाराही चांगला ठेक्यात सांगणारा असावा, कारण हा मधेच "वा!" म्हणाला. मी बायकोला दारातून बोलावून दाखवलं, म्हटलं बघ तुझ्या भावाची अक्कल. ती हसली नाही. कळशी खाली ठेवून म्हणाली, "डोलतोय ना? मंग डोलू दे. तुमचं काय जातंय?"

कारखान्यात तर ह्याची तऱ्हाच वेगळी. हा लूम चालवता चालवता समोरच्या लूमवरच्या माणसाकडे बघून नुसत्या ओठांनी गायचा. तो उत्तर भारतातला एक म्हातारा विणकर, तो पुढची ओळ ओठांनीच परत द्यायचा. मग तिसरा, मग चौथा. शिफ्ट संपेपर्यंत अख्ख्या रांगेत गाणं चालू आणि कोणाच्या कानावर एक अक्षर नाही. मी सुताचे गठ्ठे टाकायला तिथे गेलो की तो म्हातारा मला बाहेर चहाला न्यायचा. एकदा म्हणाला, "तुम्हारा साला गाता बहुत अच्छा है." मी विचारलं, "आवाज कैसी है?" तो माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघत म्हणाला, "आवाज किसने सुनी है?"

पुढे घरोघर टेपरेकॉर्डर आले, मग टीव्ही. आमच्या आळीत लग्नाला मोठमोठे स्पीकर लागायला लागले. ह्याला त्या गाण्यांचा भयंकर राग. "ह्याला गाणं म्हणतात? हा लूमचा आवाज हाय. लूमच्या आवाजाचा मी पगार घेतो, फुकट ऐकणार न्हाय." टेपचंही त्याला पटायचं नाही. म्हणायचा, टेपमध्ये गाणं आपण लावतो, रेडिओत गाणं आपल्याकडे येतं. न सांगता आलेला पाहुणा आणि भाड्याने आणलेला आचारी एक कसे होतील? मला वाटायचं, हा नुसता हेकट आहे, नवीन काही सहन होत नाही. खरं कारण मला फार उशिरा कळलं. जुनी गाणी त्याने कान शाबूत असताना ऐकली होती. शेलारच्या नाक्यावर चहाच्या हॉटेलात रेडिओ होता, शाळा बुडवून हा तिथे बाकड्यावर बसायचा. ती गाणी त्याच्या डोक्यात होती. हाताला ठेका लागला, समोर ओठ हलले, की आत ते गाणं सुरू व्हायचं, चालीसकट, आवाजासकट. नवीन गाण्यांचं आत काहीच नव्हतं. तो त्यांच्यावर रागवायचा ते त्यांना नावं ठेवायला नाही. ती त्याला कधी भेटलीच नव्हती.

माझी बायको गेली ती पंधरा दिवसांच्या आजारात. कावीळ पोटात गेली. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

तेरावा झाल्यावर मी रेडिओवर चादर टाकली. पहिल्याच शुक्रवारी हा हजर, इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. चादर काढली नाही, चालू केला नाही, नुसता समोर बसला. अर्ध्या तासाने उठून गेला. पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तेच. चार महिने हे चाललं आणि एके दिवशी माझं डोकं फिरलं. मी त्याच्या समोर जाऊन, हातवारे करून ओरडलो, "हा डबा घेऊन जा तुझ्या घरी! इथे बसून काय करतोस?" त्याने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "दाजी, मिशीमुळं कळत न्हाय. काय म्हणालात?"

मी परत ओरडलो. त्याला परत कळलं नाही. तिसऱ्यांदा ओरडायला गेलो आणि मधेच सोडून दिलं. मी खाली बसलो. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही, चादर काढली, घडी घातली, रेडिओ चालू केला आणि पेटीवर हात ठेवला. दोन मिनिटांनी तो तापला. कुठलंसं जुनं गाणं लागलं. तो माझ्या तोंडाकडे बघत बसला. "घरी न्हिऊन काय करू?" म्हणाला. "माझी बायको शेतावरची, तिला ओठांनी बोलता येत न्हाय. तुमी सांगितलं तर हाय, न्हायतर गाणी गेली माझी."

मग मी सांगितलं. म्हणजे प्रयत्न केला. मला एकही गाणं धड येत नव्हतं. वीस वर्षं ज्या खोलीत ती वाजली त्या खोलीत मी घोरत होतो. मी ऐकून ऐकून एक ओळ मागे राहायचो. तो कपाळाला हात लावायचा. "दाजी, गाणं सांगताय का पान खाताय?" आठवड्याभराने मी न्हाव्याकडे जाऊन मिशी बारीक करून घेतली. लग्नात ठेवलेली मिशी, तेव्हापासून कोणाला हात लावू दिला नव्हता. न्हाव्याने विचारलं, "काका, काय झालं?" मी म्हटलं, "गाणं अडकतं." त्याने कात्री उचलली.

असे सहा-सात महिने गेले. मला बरंच जमायला लागलं. एका शुक्रवारी मोठ्या अभिमानाने मी एक सबंध गाणं न चुकता सांगितलं. वाटलं आता शाबासकी देईल. हा म्हणाला, "बरं सांगितलंत. पण बाय अशी न्हाय सांगायची." बहिणीला तो बाय म्हणायचा. "ती कशी सांगायची?" मी विचारलं. "ती मधेमधे घरचं सांगायची. एक ओळ गाण्याची, एक ओळ घरची."

मला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा मी चिडलो. "म्हणजे माझ्याच घरात, माझ्या पाठीमागे, माझ्याच चुगल्या?"

"चुगल्या कसल्या, बोलणं हो. तुमच्याशी बोलायला आली की तुमी म्हणायचे, मुद्द्याचं बोल. गाण्यात मुद्दा लागत न्हाय."

हे खोटं असतं तर मी उलट उत्तर दिलं असतं. मग मी त्याला विचारलं, काय सांगायची. तो म्हणाला, "लई हाय. एकदम न्हाय सांगणार. शुक्रवारी एक." आणि खरोखर तसंच केलं त्याने. मी गाणी सांगायची, जाताना चप्पल घालता घालता तो एक सांगायचा. कशेळीच्या पुलावर माझा टेम्पो अडकला की ती दोनदा भात चढवायची. गार झालेला स्वतः खायची आणि मला सांगायची, आत्ताच उतरवला. मी रागावलो की तिला हसू यायचं, ती मोरीत जाऊन हसून यायची. मी घोरतो ते तिला सवयीचं झालं होतं आणि मी मुक्कामी गाडी घेऊन गेलो की तिला झोप यायची नाही. आम्हाला मूल झालं नाही, त्यावरून मी तिला एका शब्दाने बोललो नाही, हेही तिने त्याला सांगितलं होतं. मला त्यात सांगण्यासारखं काही आहे असंच कधी वाटलं नव्हतं.

गुरुवारपासून मला ओढ लागायची. मी, जो शुक्रवारी भिंतीकडे तोंड करून झोपायचो, तो सकाळी उठून आंघोळ करून, शर्ट घालून, दारात बघत बसायला लागलो. हा उशिरा आला की शिव्या द्यायचो, त्याही मिशी कापल्यामुळे त्याला नीट कळायच्या.

दोन वर्षं हे चाललं. अलीकडे तो चप्पल घालायला वेळ लावतो. पट्टा काढतो, परत लावतो, छताकडे बघतो. मागच्या शुक्रवारी असाच बराच वेळ थांबला आणि म्हणाला, "बाय एकदा म्हणाली होती, ह्यांना चष्मा लई शोभतो. मास्तर वाटतात."

चष्मा मला ती गेल्यानंतरच्या दिवाळीत लागला.

तो माझ्या तोंडाकडे बघत उभा होता, मी काय म्हणतो ते वाचायला. मी ओठ नीट, सावकाश हलवून विचारलं, "पुढच्या शुक्रवारी किती वाजता येतोस?"