चिनलानची हजेरी

चिनलानचा विश्वास कशावर आहे, असं कुणी विचारलं असतं तर आमच्या बेटावरच्या गावाने एका सुरात सांगितलं असतं, कशावरही नाही. कोळ्याने मासळी काट्यावर ठेवली की ती आधी काटा उचलून खालून बघायची, मग टोपली हलवायची, मग कोळ्याच्या तोंडाकडे बघायची. देवळात समुद्राच्या देवीला, मात्सूआईला, कौल लावताना आम्ही सगळे चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकून विचारतो, "पोराला तैवानला पाठवू का?" आई हो म्हणाली की नमस्कार करून घरी जातो. चिनलान लगेच प्रश्न उलटा करून पुन्हा तुकडे टाकायची, "मग इथेच ठेवू का?" यालाही हो आलं तर ती देवीकडे अशी रोखून बघायची की पुजाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हायचं.

तिला तरी किती नावं ठेवायची? तिची उमेदीची वर्षं बेटावर लष्कराचा कारभार होता त्या काळात गेली. दिव्याला काळं फडकं, रात्रीला परवलीचा शब्द, आणि घरात साधा फुगवायचा चेंडू असला तरी त्याची नोंद, कारण चेंडूला धरून कुणी पोहत पलीकडच्या, शत्रूच्या किनाऱ्याला गेलं तर? नवरा लष्कराच्याच दवाखान्यात रक्त ओकत गेला. डॉक्टरने पांढरी पूड दिली. काय झालंय म्हणून विचारलं तर म्हणाला, "पोटाचं आहे." तेवढं तर तिलाही दिसत होतं. त्या दिवसापासून पांढरा डगला दिसला की ती तोंड फिरवायची.

तिच्या आयुष्यात भरवशाचं माणूस एकच, शेजारची सूफेंग. गंमत म्हणजे ही सूफेंग कुणावरही विश्वास टाकणारी, आणि सगळ्यात जास्त चिनलानवर. त्या काळी बायकांनाही बंदूक घेऊन कवायतीला उभं राहावं लागे. कवायत पहाटेची, आणि चिनलानच्या माशाच्या शेवयांचं कामही पहाटेचं. मासे कुटायचे, रताळ्याचं पीठ घालून लाटायचे, पापडासारखे वाळवून कापायचे. ते सोडून कोण जाणार? मग हजेरीला सूफेंग टोपी डोळ्यांवर ओढून दोनदा ओरडायची. एकदा आपल्या आवाजात आणि एकदा घशातून, चिनलानच्या नावाने, "हजर!" अधिकाऱ्याला ते कधी कळलं नाही, किंवा त्याने कळून घेतलं नाही.

लष्कराचा कारभार उठून बरीच वर्षं झाली होती तेव्हा तैवानहून डॉक्टरांची तुकडी आली. आमच्या बेटांवर पोटाच्या कर्करोगाने माणसं फार जातात, म्हणून घरटी सगळ्यांचा श्वास तपासायचा होता. सोबत नर्स होती पलीकडच्या गावची यीरू, बोलायला गोड आणि चिवट.

"मावशी, सकाळी काही न खाता देवळात यायचं. पिशवीत फुंकायचं, मग एक आंबट पाणी प्यायचं, जरा थांबायचं, आणि दुसऱ्या पिशवीत फुंकायचं. बस्स."

"चेंडू ठेवू देत नव्हते मेले, आणि आता स्वतःच फुगवायला पिशव्या देतायत?" चिनलानचे हात पिठात होते. "आमचा वारा नेऊन काय करणार?"

"पोटात एक जंतू असतो. लहानपणीच शिरतो आणि वर्षानुवर्षं आतून कुरतडत बसतो. कर्करोगाची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते. तो असला तर त्या आंबट पाण्यातलं औषध फोडतो, आणि त्याची खूण श्वासात येते."

"म्हणजे चोर पोटात आणि पकडायचा तोंडात! आणि आमच्या खारवलेल्या माशांना, कोळंबीच्या चटणीला नावं ठेवत होतात ते?"

"तेही कमीच करा. खारामुळे पोट सोलवटतं, जंतूचं आयतंच फावतं. पण जंतू औषधाने मरतो, मावशी. मरेल तेवढा धोका कमी."

"माझ्या नवऱ्यालाही औषध दिलं होतं," चिनलान म्हणाली आणि पुन्हा लाटायला लागली.

तरी ती देवळात गेली, कारण न जाणाऱ्यांची नावं कुठेतरी लिहिली जातात हे तिला लष्कराने पक्कं शिकवलं होतं. पण फुंकायचं नाही हेही ठरलेलं. गर्दीत ती सूफेंगला खांबाआड घेऊन गेली.

"माझीही तूच फुंक."

"अगं, चालेल का?"

"कवायतीला चाललं ना? मग?"

सूफेंगने दोघींच्या पिशव्या फुंकल्या. आंबट पाणी सूफेंग प्यायली. चिनलानने आपलं कुंडीत ओतलं आणि झाड वाळतंय का हे नंतर दोन दिवस येऊन बघितलं. दुसऱ्या वेळच्या पिशव्याही दोन्ही सूफेंगनेच भरल्या. दम लागून ती जरा खांबाला टेकली. ती हल्ली लवकर दमत होती. जेवण कमी झालं होतं, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटे, आणि सदरा अंगावर लोंबायला लागला होता. "वय झालं," म्हणायची.

काही दिवसांनी यीरू घरोघर निकाल सांगत आली. चारच्या वर आकडा म्हणजे पोटात जंतू आहे. गाव आकडे असे विचारायला लागलं जसे पोरांचे परीक्षेतले गुण. सूफेंगचा एकतीस, चिनलानचाही एकतीस. दोघींना गोळ्यांची पाकिटं मिळाली, आणि नळी घालून पोट आतून बघायला दवाखान्यात बोलावणं.

यीरू उंबऱ्याबाहेर पडते न पडते तोच चिनलानने सूफेंगचं घर गाठलं. तिचा चेहरा फुलला होता. एवढा आनंद तिला शेवया खपल्यावरही होत नसे.

"बघितलंस? मी फुंकलंच नाही आणि माझ्या पोटात जंतू! सगळं थोतांड! औषधं खपवायला निघालेत. टाक त्या गोळ्या."

"पण मला जरा बरं वाटत नाहीये गं..."

"टाक म्हणते ना!"

सूफेंगने पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकलं. तिने चिनलानचं कधी मोडलं नव्हतं.

चिनलानला मात्र तेवढ्यावर चैन पडेना. अख्ख्या गावासमोर त्यांना उघडं पाडायचं होतं. सगळ्यांना तोच एक आकडा वाटून दिला असणार, याची तिला खात्री होती. ती दगडी पायऱ्यांच्या गल्लीत दारोदार विचारत सुटली.

"तुझा किती?"

"सतरा," नावाडी म्हणाला.

भट्टीवर रोट्या लावणारी म्हणाली, "दोन. सुटले बाई."

देवळाच्या पुजाऱ्याचा चाळीस. बायको मागून ओरडली, "माझा एक! एका ताटात जेवतो आम्ही, आणि बघा!"

चिनलानने आठ घरं घेतली, दहा घेतली. कुठलेच दोन आकडे जुळेनात. वरच्या गल्लीत दोन बायका तिला आपले आकडे आपणहून सांगायला धावल्या, तेही वेगळे. एवढ्या सगळ्यांत जुळणारे आकडे दोनच होते, तिचा आणि सूफेंगचा.

ती पायरीवरच बसली. एकीचा आकडा दुसरीच्या नावावर उतरवला असेल, हा संशय तिने घेऊन बघितला. पण आडनावं वेगळी, पिशव्या वेगळ्या खोक्यांतून तैवानला गेलेल्या, आणि त्या दोघी कोण हे तिकडे कुणाला ठाऊक? दोन्ही पिशव्यांत वारा मात्र एकाच पोटातला होता. एकच प्रश्न दोन नावांनी विचारला गेला होता, आणि उत्तर तेच आलं होतं. मात्सूआईलासुद्धा तिच्यासमोर इतकं सरळ कधी वागता आलं नव्हतं.

म्हणजे डॉक्टर खरं बोलत होते. मग सूफेंगचा सैल झालेला सदराही खरा होता. नवराही असाच आधी जेवणावरून उठायला लागला होता, आणि तेव्हाही सगळे वयाचंच म्हणाले होते. चिनलान ताडकन उठली. ती पायऱ्या उतरत पळत सुटली.

कचरा अजून उचलला नव्हता. तिने डबा अंगणात उपडा केला आणि माशाच्या खवल्यांतून पाकीट शोधून काढलं.

"काय करतेस?" सूफेंग दारात आली.

"या गोळ्या घ्यायच्या. आणि उद्या नळी घालायला जायचं."

"तूच म्हणालीस ना थोतांड आहे?"

"मी गाढव आहे! ऐक आता माझं. नाहीतर नको ऐकूस, स्वतःच्या डोक्याने जा, पण जा!"

"मला भीती वाटते त्या नळीची. तू जाशील माझ्याऐवजी?"

चिनलानला रडूच फुटलं. "गेले असते गं. पण त्या नळीला तुझंच पोट लागतं."

यीरूसमोर तिने सगळं कबूल केलं. आधी यीरूचा चेहरा लाल झाला. मग ती म्हणाली, "मावशी, आम्हीही एकच नमुना दोन नावांनी पाठवून यंत्र खरं बोलतंय का ते बघतो. तुम्ही न सांगता केलंत एवढंच. पण हिचं पोट लगेच बघू या."

सूफेंगच्या पोटात खालच्या अंगाला कर्करोगाचा डाग निघाला, लहान, अजून खोल न गेलेला. तिला विमानाने तैपेईला नेलं आणि पोटाचा तुकडा काढला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, थोडक्यात निभावलं, वर्षभराने आला असतात तर काही सांगता आलं नसतं. चिनलान सोबत होती. प्रत्येक गोळीचं नाव विचारायची, आणि दुसऱ्या नर्सला तेच पुन्हा विचारायची. दोघींचं उत्तर जुळलं तरच गोळी सूफेंगच्या हातावर पडे. तिथल्या नर्सा तिला बघितलं की दुसऱ्या दाराने जात.

पुढच्या वर्षी पिशव्या घेऊन तुकडी पुन्हा देवळात आली. ज्यांनी गोळ्या घेतल्या त्यांच्या पोटातून जंतू गेला का हे बघायचं होतं, आणि चिनलानचा तर खरा श्वास अजून कुणी तपासलाच नव्हता. तिने आंबट पाण्याचा वास घेतला, प्याला उजेडात धरला आणि आधी यीरूला एक घोट प्यायला लावला. सूफेंग आपल्या पिशव्या आधीच भरून तिच्याशेजारी बाकावर बसली होती, अर्ध्या पोटाची, वाडग्यातली पेज चमच्याने हळूहळू खात.

यीरूने नाव पुकारलं, "लिन चिनलान!"

जुन्या सवयीने सूफेंगचं तोंड उघडलं. चिनलानने तिच्या ओठांवर हात ठेवला आणि उठून उभी राहिली. तिचा नवरा जे घेऊन गेला ते आपल्याही पोटात असेल, ही भीती तिने इतकी वर्षं कुणालाच सांगितली नव्हती.

"हजर," ती म्हणाली, आणि पिशवी घ्यायला पुढे गेली.