साडीचे पडदे आणि स्वराची टोळी

१८ नोव्हेंबरची गोष्ट. अंगणवाडीत बदल घडवायचा म्हणून मी सकाळपासून माझी साडी फाडत बसले होते.

"आक्का, आवो चांगली हाय की ही!" दुसरं टोक धरून मंगल म्हणाली. मंगल माझी धाकटी जाऊ आणि अंगणवाडीची मदतनीसही तीच. (जाऊ आणि हाताखालची बाई एकच असेल तर काय करावं, याचं प्रशिक्षण अजून निघालेलं नाही.) "फाडायचीच व्हती तर मला द्यायची."

"पडदे करायचेत. खोलीचे चार कोपरे पाडायचे."

"आन् सतरंजीला काय झालं? बसतेत की लेकरं रांगंत, गुमान."

"तेच बदलायचंय!"

प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की सेविका म्हणजे बदलाचं नेतृत्व करणारी. मुलांना रांगेत बसवायचं नाही. चित्रांचा कोपरा, ठोकळ्यांचा कोपरा, पुस्तकांचा कोपरा आणि घर-घर खेळायचा कोपरा करायचा. मुलं घरी जे बघतात तेच खेळतील, सेविकेनं मध्ये तोंड घालायचं नाही. हे सगळं मी घरी म्हणून म्हणून पाठ केलं होतं. ऐकायला फ्रिज होता. नवरा गेल्यापासून आणि पोरगी पुण्याला नोकरीला लागल्यापासून माझ्या घरात आवाज करतो तो तेवढाच. नेतृत्वाच्या मुद्द्यावर त्यानं हुंकार भरला आणि बंद पडला.

मी एवढी धडपडत होते त्याला कारण होतं. शिरूर कासारकडच्या आमच्या गावात दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या लागतात आणि अर्ध्याअधिक घरांना थेट गुढीपाडव्यापर्यंत कुलपं पडतात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्यापाशी ठेवलेली लेकरं. अंगणवाडीत उरतात ती एवढीच. ती फार कमी आहेत, तेव्हा ही अंगणवाडी पलीकडच्या वस्तीला जोडून टाकू, असं वर बोलणं चाललं होतं. सुपरवायझर मॅडम बघायला येणार होत्या. अंगणवाडी गेली असती तर माझी कागदोपत्री कुठंतरी सोय झालीच असती, पण सकाळी उठून जायचं कुठे? फ्रिजपाशी?

मॅडम आल्या तेव्हा पडदे झोकात लटकत होते. मुलं आत आली, चारही कोपरे बघितले आणि सगळीच्या सगळी घर-घरच्या कोपऱ्यात घुसली. तिथला मुख्य कारभार अर्थातच स्वराकडे. स्वरा म्हणजे मंगलची नात, म्हणजे माझीही. आई-बाप तोडीला गेलेले. वय चार, आवाज चाळीसचा.

"बघा मॅडम," मी हळूच म्हणाले, "मुलं आपल्या मनानं खेळतात. आम्ही मध्ये बोलत नाही."

"वा!" मॅडम म्हणाल्या.

स्वरानं खोटी भाकरी थापली, सगळ्यांना वाढली, कमरेवर हात ठेवले आणि ओरडली, "ए, उठा रे! गाडी लागली! उचला!"

दुसऱ्या क्षणी माझा पडदा खाली आला! त्यात ताटल्या गेल्या, गाठोडं झालं. दुसरा पडदा आला, त्यात ठोकळे आणि पुस्तकं गेली.

"आवो आक्का," मंगल माझ्या कानाशी आली, "वजनकाटा चालला!"

"मध्ये बोलायचं नाही," मी हसऱ्या तोंडानं, दात आवळून म्हणाले.

"खिचडीचं पातेलं चाललंय!"

"रिकामंय ना? जाऊ दे."

"मॅडमची पर्स चालली, आता बोलू का?"

तोवर उशीर झाला होता. पर्स सतरंजीत गुंडाळली गेली होती आणि मॅडम कौतुकानं मान हलवत होत्या. टोळी दारापर्यंत गेली. तिथं स्वरा वळली. आमच्याकडे बघून तिला काहीतरी राहिल्यासारखं वाटलं असावं. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "तू म्हातारी. तू हितंच ऱ्हायचं. घर संभाळ." मग मॅडमकडे बोट गेलं. "ह्या शेळी. ह्यास्नी पाणी दाव. आमी येतो पाडव्याला."

आणि गेली की सगळी! खोलीत उरलो आम्ही तिघी आणि भिंतीवरचा फळांचा तक्ता.

"किती छान," मॅडम म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आता परत कधी येतात?"

"पाडव्याला," मंगल म्हणाली.

मग मात्र तिघीही पळालो.

समोरच्या पारापाशी एक रिकामी ट्रॉली उभी होती, ट्रॅक्टरवाला टपरीवर चहा पीत होता. मुलांनी गाठोडी ट्रॉलीत टाकली होती, एकमेकांना ढकलून चढवलं होतं आणि सगळी ओळीनं बसली होती, अगदी रांगेत, गुमान. वजनकाट्यावर स्वरा.

"ताई, ही टोळी तुमची का?" ट्रॅक्टरवाला हसत पुढे आला. "काय मुकादम, कोन्त्या कारखान्याला सोडू?"

"आईच्या," स्वरा म्हणाली. "चालू कर की गाडी."

तो हसायचा थांबला. मंगल तोंडाला पदर लावून भलतीकडेच बघायला लागली. बदलाचं नेतृत्व करणारी मी; मीच पुढे झाले.

"डिझेल संपलंय, बाय."

"मग उद्या?"

"उद्या बघू."

तिनं ट्रॅक्टरवाल्याकडे बघितलं. त्यानंही मान हलवली. मग ती उतरली, आणि बाकीचीही उतरली. पर्स निघाली. तिच्यात दोन ठोकळे जास्त निघाले.

मॅडमनी जाताना सांगितलं, "मुलांचा सहभाग उत्तम. दाराला कडी लावत जा." आणि जीपमध्ये बसता बसता म्हणाल्या, "ही पोरं पलीकडच्या वस्तीला पाठवायची सोय नाही हो. वाटेतच कारखाना गाठतील. इथंच राहू दे अंगणवाडी."

म्हणजे मी जिंकले होते. ते सांगायला संध्याकाळी पोरीला फोन लावला, ती मीटिंगमध्ये होती. एका माणसाची भाकरी थापली, खाल्ली, भांडं घासलं, दारापुढचा दिवा लावला. घर संभाळलं. स्वरानं दिलेलं काम मला जरासुद्धा सराव न करता येत होतं, याचा राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ज्वारीची धाटं काखेत मारून अंगणवाडीत गेले. पुस्तकांच्या कोपऱ्यात ती ऊस म्हणून उभी केली.

"ह्यो काय नवा बदल?" मंगलनं विचारलं.

"कारखाना. निघाले तर पोचायला नको का कुठंतरी?"

स्वरानं धाटं हलवून बघितली आणि टोळी जमवायला लागली. मीही घरून आणलेलं गाठोडं उचललं आणि रांगेत शेवटी उभी राहिले.

"तुला ऊस तोडता येतो?" मुकादमानं विचारलं.

"न्हाई."

"मोळी बांधता येती?"

"न्हाई."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग तू बैल हो."

गुडघे दुखतात माझे. तरी वाकले. पाठीवर दोन जण बसले, मागून स्वरा "हुर्रर्र!" म्हणाली आणि बदलाचं नेतृत्व करणारी सेविका चार पायांवर कारखान्याला निघाली. म्हातारीला मागे ठेवतात, बैलाला सोबत नेतात.